मोजणीकाकांचा हात

सबंध डोंबिवलीत वाकड्या गोष्टींची कदर असलेला एकच माणूस होता आणि तो आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचा. बाळांनो, सुट्टीत आलात की ज्यांच्यापुढे तुम्ही कागदावर पाऊल ठेवून उभे राहायचात, तेच हे मोजणीकाका. ठाण्याच्या मोजणी ऑफिसात जमिनींचे नकाशे काढण्यात त्यांची सारी नोकरी गेली. ऑफिसने भंगारात काढलेला एक जुना पितळी प्लॅनिमीटर त्यांनी लिलावात घेतला होता. दोन दांड्या, एक टोकदार सुई आणि रुपयाएवढं चाक. कागदावरच्या कुठल्याही वेड्यावाकड्या आकाराच्या कडेवरून सुई फिरवून निघाल्या जागी आणली, की चाकावर त्याचं क्षेत्रफळ वाचता येतं. "लांबी-रुंदी कुणीही मोजेल, वहिनी," ते मला म्हणत, "वाकड्याला न्याय द्यायला हेच लागतं."

आणि न्याय ते सर्वांना देत. घरी घावन झालं की आधी कागदावर त्याची कड गिरवली जाई, मग ते पानात पडे. काकू म्हणत, "गार झालं तरी चालेल, पण आकडा गरम पाहिजे यांना!" आमच्या छताला वरच्या मजल्यावरून ओल आली, तेव्हा दर रविवारी स्टुलावर चढून त्यांनी त्या डागाचा ट्रेसिंग कागदावर ठसा घेतला आणि वाढीचे आकडे जिन्यातल्या फळ्यावर लिहिले. तिसऱ्या रविवारी वरच्यांनी मुकाट्याने प्लंबर बोलावला. सुई फिरत असताना काका श्वास रोखत आणि काकू मिक्सर बंद ठेवत. साठी उलटून कितीतरी वर्षं झाली होती, पण तो हात एकदाही हलला नाही. गर्व असा त्यांना त्या हाताचाच होता.

आता माझं सांगते. मी सरळ रेषेची बाई. माझ्या डब्यांना इंग्रजीत लेबलं असतात आणि तांब्या-पितळेला माझ्या घरात डाग राहत नाही. घराचं रंगकाम काढलं म्हणून काका-काकू पंधरा दिवस खडवलीला बहिणीकडे गेले, तेव्हा प्लॅनिमीटरची पेटी माझ्याकडे ठेवून गेले. "उघडू नका असं म्हणत नाही, वहिनी. पण उघडू नका."

मी उघडली. आत सगळं काळवंडलेलं. पितळ दिसलं की माझा हात चिंचेकडे जातो. चिंच, मीठ आणि जुना टूथब्रश घेऊन मी दांड्या घासल्या, आणि चाकाची कडही चांगली गुळगुळीत होईपर्यंत घासली. त्या कडेवर केसाहून बारीक रेघा असतात, त्यांच्यामुळेच चाक कागदाला धरून फिरतं, हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. आठवलं ते चाक धुऊन पुसल्यावर.

काका परतले. "पुसलंत वाटतं?"

"नुसतं कोरड्या फडक्याने," मी म्हणाले.

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. माझ्या नीटनेटकेपणाची ख्यातीच तशी होती.

पुढच्या आठवड्यात कल्याणकडच्या गावातले दोन भाऊ वाटणीचा नकाशा घेऊन आले. मी तेव्हा काकूंकडेच बसले होते. थोरला म्हणाला, "काका, काँप्युटरवाला काय पन सांगू दे. तुमचं चाक बोलंल ते आम्हाला मान्य." काकांनी सुई तीनदा फिरवली. तीनदा वेगळा आकडा आला.

"चाय पिऊन परत बघा ना काका," धाकटा म्हणाला.

"चहाने काय होणार, बाबा? हात गेला माझा. सरकारी मोजणी मागवा."

तेव्हा मी बोलायला हवं होतं, आणि बोललेही. म्हणाले, "वयाप्रमाणे थोडं व्हायचंच."

त्यानंतर काका दाढीला न्हाव्याकडे जाऊ लागले. कप दोन्ही हातांनी धरू लागले. बँकेची स्लिप काकू भरू लागल्या. घावन गरमच पानात पडू लागलं आणि काकूंना ते गोड लागेना. हे मी सात महिने पाहिलं. रोज डबे पुसत होते आणि पाहत होते.

शेवटी एका दुपारी गेले आणि चिंचेपासून फडक्यापर्यंत सगळं सांगितलं. ते ओरडतील अशी माझी तयारी होती. खरं तर ओरडावं अशी इच्छा होती. त्यांनी उजवा हात समोर धरला, खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे हात ठीक आहे?"

"हात ठीक आहे."

"अगं, ऐकलंस का!" ते स्वयंपाकघराकडे ओरडले. "हात ठीक आहे माझा! चाक गेलंय फक्त!" मग माझ्याकडे वळून, भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "थँक्यू वहिनी. फार मोठी काळजी मिटवलीत."

तसं चाक पुन्हा कुठे मिळालं नाही. पण दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतः दाढी केली, आणि हनुवटीवर कापसाचा बोळा लावून, जिन्यात भेटेल त्याला तो कौतुकाने दाखवत खाली उतरले. त्यानंतर ते दीड वर्ष होते. रोज सकाळी दारावरून जाताना गुळगुळीत चेहऱ्याने "गुड मॉर्निंग, वहिनी!" म्हणत. मीही म्हणत असे, पण त्यांच्या चपलांकडे बघत.