पॉमेरेनियन, पंधरा वर्षं

अविधवा नवमीचा स्वयंपाक उरकून, सवाष्णीला जेवू घालून, तिची ओटी भरून उर्मिला दुपारी अडीचला चटईवर पाठ टेकते, तेव्हा तिच्या हातांना अजून अळूवडीच्या तळणाचा वास आहे. डोळे मिटतात, पण धड झोपही लागत नाही आणि धड जागही राहत नाही. पायाशी कापशा निजला आहे. त्याचा श्वास मध्येच थांबतो, मग पुन्हा सुरू होतो, आणि उर्मिला ते मोजत पडली आहे.

सकाळपासूनचा हा सगळा खटाटोप स्नेहलतेसाठी. स्नेहलता ही दिगंबररावांची पहिली बायको. अकरा वर्षांपूर्वी, चौतिसाव्या वर्षी, कुंकू लावूनच गेली. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईसाठी पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालायची ही रीत, आणि ती पाळायची कुणी, तर दुसरीनं! लग्न झालं त्याच वर्षी दिगंबररावांनी डोळे पुसत सांगितलं होतं, "तिला अळूवडी फार आवडायची." झालं. तेव्हापासून नऊ वर्षं उर्मिला सवतीच्या नावानं अळूची पानं सोलते, पीठ लावून गुंडाळते, उकडते आणि तळते. बोटांना खाज सुटते ती सुटतेच, वर मनही खाजतं. एका बाबतीत मात्र तिनं आपलं चालवलं. स्नेहलता चिपळूणची, त्यांच्याकडे ओटी तांदळानं भरतात. उर्मिला सातारची. या घरात ओटी गव्हानंच भरली जाईल, असं तिनं पहिल्या वर्षी ठणकावून सांगितलं आणि आजही गव्हानंच भरली.

जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं. फोटोशी काय भांडायचं? उर्मिला आता शेहेचाळीसची आहे, केस रंगवते, जिना चढताना गुडघ्यांवर हात ठेवते. भिंतीवरची ती बया मात्र चौतिसावरून हलायला तयार नाही. वर पुन्हा तिला हात जोडून "ताई" म्हणायचं.

आणि तिचा हा कुत्रा. कापूस पिंजून ठेवल्यासारखा पांढरा, म्हणून नाव कापशा, तेही तिनंच ठेवलेलं. ती गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, उर्मिला या घरात आली तेव्हा सहाचा. नव्या नवरीच्या हातचा घास त्यानं तीन महिने घेतला नाही आणि पहिलं वर्षभर त्या फोटोखाली निजला. आळीतल्या बायका अजूनही म्हणतात, "स्नेहलतेचा कापशा ना हा? किती जीव होता तिचा!" त्याला पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता लावलेला होता, कोणत्या जातीचा कुत्रा साधारण किती वर्षं जगतो त्याचा. ग्रेट डेन आठ. रॉटवायलर नऊ. लॅब्राडोर बारा. पग तेरा. जितकं धूड मोठं तितकं आयुष्य थोडं, आणि सगळ्यांत खाली, पॉमेरेनियन पंधरा. उर्मिलेनं तिथल्या तिथं पंधरातून सहा वजा केले आणि मनात चरफडली. बाईला पाळायचाच होता तर ग्रेट डेन पाळायला काय झालं होतं? दोन वर्षांत मोकळी झाले असते!

आज पंधरा भरली आहेत. मूत्रपिंडं गेली, चार दिवस त्यानं पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. संध्याकाळी सहाला डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देणार, असं दिगंबररावांनी ठरवलं आहे. उर्मिलेनं हो म्हटलेलं नाही. काल तिनं डॉक्टरांना फोनवर विचारलं, "पॉमेरेनियन अठरा वर्षंपण जगतात ना हो?" "एखादा," डॉक्टर म्हणाले.

वर गच्चीत स्नेहलतेच्या नावानं वाढलेलं पान दुपारी बारापासून तसंच पडलं आहे. कावळा कठड्यावर बसतो, बघतो आणि उडून जातो. "तिची काहीतरी इच्छा राहिलीय," दिगंबरराव म्हणाले आणि पानाची राखण करायला वर जाऊन बसले. मेली तरी हिचे लाड संपत नाहीत, असं उर्मिलेला वाटतं, आणि श्वास मोजता मोजता तिचा आकडा चुकतो.

चटई गार लागते, कारण ती दवाखान्यातल्या लोखंडी बाकावर बसली आहे. शेजारी स्नेहलता. फोटोतलीच निळी साडी, फोटोतलंच कुंकू. कापशा दोघींच्या मधे.

"नंबर कितवा आपला?" स्नेहलता विचारते.

"मला काय विचारतेस, तूच आधी आलीस," उर्मिला म्हणते. म्हटल्यावर तिला बरं वाटतं.

समोर तो तक्ता आहे. ग्रेट डेन आठ. पॉमेरेनियन पंधरा. त्याच्या खाली नवी ओळ, स्नेहलता चौतीस. तिच्याही खाली एक ओळ आहे, पण तिच्यावर पाल बसली आहे आणि उर्मिला पालीला हाकलत नाही.

"मला ताई म्हणतेस, आणि बघ, बारा वर्षांनी लहान आहे मी तुझ्याहून," स्नेहलता म्हणते. मग तक्त्याकडे बघत राहते. "चार."

"काय चार?"

"वर्षं. मला हा चार वर्षं मिळाला, त्यातलं एक माझ्या चपला चावण्यात गेलं. तुला मिळाली नऊ."

उर्मिलेनं हा हिशेब असा कधी केलाच नव्हता. तिनं कायम किती उरली तेवढंच बघितलं होतं.

"तुझाच आहे की तो," ती म्हणते. "सगळी आळी म्हणते."

"आळी म्हणते. तो म्हणतो का?"

"वर्षभर तुझ्या फोटोखाली निजत होता."

"तिथं सकाळचं ऊन यायचं गो!"

खरंच, तिथं तेव्हा ऊन यायचं. दुसऱ्या वर्षी समोर मजला चढला, ऊन गेलं आणि कापशा तिच्या चटईवर आला, हे तिला आत्ता आठवतं.

"दार लावून घेतेस आणि त्याला बाबू म्हणतेस," स्नेहलता म्हणते. तिचा आवाज बदलला आहे. "मला ऐकू येतं. मला जाळून अकरा वर्षं झाली, तरी ते ऐकलं की जळते मी."

फोटोतली ही बाई जळते आहे, आणि तीही आपल्यावर! उर्मिलेला हे इतकं गोड लागतं की तिची तिलाच लाज वाटते.

"आणि ती अळूवडी बंद कर बाई. घसा खवखवतो माझा. ती ह्यांना आवडते."

"ह्यांना? म्हणजे नऊ वर्षं मी..."

"मी दहा वर्षं तळल्या."

दोघी हसतात. हसता हसता उर्मिला बाकाचा कठडा धरते, तर तो गच्चीचा कठडा आहे. ऊन रणरणतं आहे. कुत्र्यांना तोलायच्या काट्यावर केळीचं पान ठेवलं आहे, त्यावरच्या अळूवड्या तशाच आहेत, आणि कावळा मान वाकडी करून बघतो आहे. स्नेहलता आता हसत नाही. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला आहे.

"ओटी भर माझी."

"थांब, गहू आणते."

"गहू नकोत. हा दे."

कापशा दोघींच्या पायांत पडला आहे.

"मला कशाला विचारतेस? ने की उचलून."

"उचलत नाही. बघ." स्नेहलता वाकते, त्याच्या पोटाखाली हात घालते. साडेतीन किलोचा कापशा, पण जागचा हलत नाही. "ज्याचं असतं त्यानंच ओटीत घालायचं असतं. तुझा आहे तो. म्हणून तर तुझ्या दारात यावं लागलं मला."

हेच ऐकायला उर्मिला नऊ वर्षं तडफडली होती. आता ऐकलं, आणि तिला संताप येतो.

"आत्ता सांगतेस? आधी सांगितलं असतंस तर चारचौघांत बाबू म्हणून हाक मारली असती मी त्याला! नाही देणार."

"सहाला सुई आहे. सुईला किती घाबरतो तो, तुला ठाऊक आहे."

ठाऊक आहे. लस टोचताना तो दर वेळी उर्मिलेच्याच काखेत तोंड खुपसतो.

"तुझ्याकडं किती वर्षं राहील?" ती विचारते.

"तिथं तक्ता नाही."

"म्हणजे कायमचा तुझा."

"हो," स्नेहलता खाली बघत म्हणते.

उर्मिलेला इतकं जळायला होतं की डोळ्यांत पाणी येतं. तशीच ती खाली बसते आणि कापशाला उचलते. त्याला वजनच नाही.

"भात मऊ लागतो त्याला, वर दही. उजव्या कानामागं खाजवायचं, डाव्या नाही. आणि बाबू म्हटलं की वळतो."

"मी कापशाच म्हणणार."

"म्हण. वळतो का बघ."

ती त्याला निळ्या पदरात ठेवते. तो एकदा तिच्या मनगटाला नाक लावतो, मग पदरात अंग मुडपून घेतो. स्नेहलता पदराच्या टोकातून काहीतरी चिमटीनं काढते आणि उर्मिलेच्या तळहातावर ठेवते. "ओटी भरणारीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत," असं म्हणून तिची मूठ ती स्वतःच मिटते. तिची बोटं गार आहेत.

"शिवला! शिवला गं कावळा!" दिगंबरराव जिन्यावरून ओरडत येताहेत. पंख्याचा आवाज. घड्याळात पावणेपाच. उर्मिला उठून बसते आणि पायाशी हात नेते. कापशाचं अंग अजून कोमट आहे, पण आता मोजायला काही नाही.

दिगंबरराव दारातच थबकतात. मग येऊन खाली बसतात, त्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि फोटोकडे बघून मान हलवतात.

"गेला बिचारा. शेवटी तिच्याकडंच गेला. तिचाच होता."

"गेला नाही," उर्मिला म्हणते. "बाबू माझा होता. मी दिला."

"बाबू कोण?"

"आणि पुढच्या वर्षीच्या अळूवड्या तुमच्या तुम्ही तळा."

दिगंबरराव तिच्या तोंडाकडे बघतच राहतात. ती रडते आहे, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. डोळे पुसायला ती हात वर नेते, तर उजवी मूठ घट्ट मिटलेली. एकेक बोट सोडवावं लागतं. तळहातावर पाच दाणे आहेत, तांदळाचे, जाडे, तांबूस, चिपळूणकडचे, उर्मिलेनं या घरात कधी न आणलेले.