आठ वर्षांचे टाके

ताईच्या पाठपिशवीचं वजन, ती रिकामी असताना, चार किलो दोनशे ग्रॅम होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही. मी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते, आणि सत्तावीस वर्षं लोकांची खोकी काट्यावर चढवत आले आहे. एका रविवारी हुकाचा काटा घरी आणून मी ती पिशवी टांगली आणि म्हटलं, "ताई, ही पिशवी आहे की तिजोरी?"

"फाटणार नाही," ताई म्हणाली. तिच्या लेखी विषय संपला.

ताई बॅगा दुरुस्त करते. बस डेपोच्या जिन्याखाली तिचं दुकान आहे. दुकान कसलं, एक खाट मावेल एवढी जागा! त्यात जाड कापड शिवायचं मशीन, फळीवर बकलांच्या बरण्या आणि तिच्या मांडीवर कायम कुणाची तरी पोट फाटलेली बॅग. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी सात. मला शिकवायचं म्हणून ती मशीनवर बसली, ती बसलीच. लग्न केलं नाही, गावाबाहेर एक रात्र काढली नाही. डोंगर हिंडून आलेली पोरं तिच्याकडे बॅगा टाकून जात. शिवण उसवताना कोपऱ्यांतून माती निघायची, वाळकं गवत निघायचं. ते झटकण्याआधी ताई त्याचा वास घ्यायची. मी पाहिलंय.

त्रेपन्नाव्या वर्षी एकदा जेवताना म्हणाली, "धाकटे, मलाही जायचंय. ती तळ्याकाठची वाट आहे ना, तिथे. सहा दिवस चालायचं, सामान आपल्याच पाठीवर. मुक्कामाला लाकडी खोपी असतात म्हणे. येशील?"

मला चालण्याचा मनस्वी कंटाळा. पण ताईने जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. मी हो म्हटलं.

बॅग ती विकतची घेईना. "विकतच्या कुठे फाटतात ते मला विचार," म्हणाली आणि स्वतःच्या पाठीच्या मापाने कापड बेतलं. इथेच घोडं अडलं. दुकानात कुणाची बॅग नव्याच जागी फाटून आली, की ताई घरी येऊन आपली बॅग त्याच जागी उसवायची आणि आतून जोड लावून दुहेरी शिवायची. पहिल्या वर्षी पट्ट्यांची मुळं झाली. मग कुणाचा तरी तळ खडकावर घासून गेला, म्हणून तळाला तीन पदर आले. मग चेनची तोंडं, मग खिसे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ताईचं तर स्वतःचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, ती दुसऱ्यांची पोळलेली तोंडं बघून फुंकत होती. दर वर्षी मोसम आला की म्हणायची, "यंदा नको गं, तळ अजून कच्चा वाटतो." नमनालाच आठ वर्षांचं तेल गेलं. आणि मी? मला सुटल्यासारखं वाटायचं. एकदाही मी म्हटलं नाही की ताई, फाटली तर फाटली, चल. याची मला लाज वाटते.

या वर्षी एकसष्टावं लागलं आणि तिने दाताने दोरा तोडून जाहीर केलं, "झाली."

मग काय, घरात नुसती धांदल. खोपींची नोंदणी झाली, बसची तिकिटं आली. नवे बूट पायाला सरावावेत म्हणून ती ते घालून मशीन चालवू लागली. गिऱ्हाइकं हसायची, तीही हसायची. एका दुपारी सरावासाठी भरलेली बॅग पाठीवर घेऊन ती डेपोचा जिना चढायला गेली. सातव्या पायरीवर बसली. ओठ निळे पडले होते आणि तरी म्हणत होती, "बघ, शिवण कशी बसलीय!"

मी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी मात्र ती येईना. "कागदच तर आणायचाय, त्यासाठी दुकान कशाला बंद ठेवायचं?" म्हणून मी एकटी गेले.

डॉक्टर सरळ बोलले. "हृदयाची झडप फार अरुंद झालीय. ऑपरेशन त्यांना झेपणार नाही, फुप्फुसांची साथ नाही. घर ते दुकान एवढंच चालायचं, तेही सावकाश. चढ तर अजिबात नाही."

"पुढच्या वर्षी तरी?"

"पुढचं वर्ष तुम्ही धरून चालू नका," ते म्हणाले.

दुकानापर्यंत कशी आले मला आठवत नाही. ताईने मान वर केली. तोंडात सुई होती. "काय म्हणाले?"

खोटं बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं. पण सत्तावीस वर्षं खिडकीवर मी एकच धंदा केलाय. माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, वजनाचा नियम सांगायचा. मग तो आपणहून खोकं उचलून परत जातो. तेच तोंडातून निघालं.

"पाठीवर सगळं मिळून पाच किलोंच्या वर नको म्हणाले."

बॅगच चार किलोंच्या वर होती. ताई एक वेळ स्वतःची कातडी काढून देईल, पण टाका काढणार नाही, असा माझा हिशोब. आपणच म्हणेल, जाऊ दे.

"पाच," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गेले तर ताई आपली बॅग मांडीवर घेऊन उसवत बसली होती. तळाचा पहिला पदर निघाला होता. "हा त्या लाल बॅगवालीमुळे लावला होता," तिने तो माझ्या हातात दिला. "तिसरं वर्ष." रोज थोडं थोडं निघत गेलं. प्रत्येक ठिगळाची तिला आठवण होती. कुणाची बॅग, कुठे फाटली, तो कुठल्या डोंगरावरून आला होता. मधेच दम लागला की डोळे मिटून बसायची. मी गप्प. नुसती गप्प नाही. समोर बसून चिमट्याने तुटके धागे ओढून काढत होते. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात ना, तसं.

बाराव्या दिवशी तिने हुकाचा काटा मागितला. एक किलो नऊशे.

"बघ!" तिचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. "म्हणजे वर तीन किलो नेता येतील. दोन जोड कपडे, रेनकोट, बाटली. पांघरूण तुझ्या बॅगेत टाकू. आता चालेल ना डॉक्टरांना?"

मी सांगितलं. झडप, चढ, पुढचं वर्ष, सगळं. वरून लोक धाडधाड जिना उतरत होते, मला दोनदा थांबावं लागलं.

 ताईने ठिगळांच्या ढिगातलं एक उचलून मांडीवर हाताने सारखं केलं.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"रिपोर्टच्या दिवसापासून."

"बारा दिवस," ती म्हणाली. "आणि माझ्यासमोर बसून धागे ओढत होतीस." आवाज चढवला नाही. चढवला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. "आधी सांगायचंस ना गं. मी उसवली नसती."

मी ठिगळं परत लावून देते म्हणाले, तर तिने नकारार्थी मान हलवली. त्याच भोकांतून दुसऱ्यांदा दोरा घातला की कापड धरत नाही म्हणाली. बॅग तिने दुकानात खिळ्याला अडकवून ठेवली.

निघायचा दिवस उजाडला तेव्हा माझी रजा मंजूर होऊन पडलेली होती. घरी बसवेना म्हणून मी दुकानात जाऊन बसले. ताई बूट घालूनच आली होती. अकराच्या सुमाराला एक तरुण आपली दुरुस्त झालेली बॅग न्यायला आला आणि त्याची नजर खिळ्याकडे गेली.

"मावशी, ही विकायची आहे का? काय हलकी दिसतेय!"

"नाही रे," ताई म्हणाली. "ती कच्ची आहे. पहिल्याच चढाला फाटेल." मग तिने त्याच्या बॅगेचा पट्टा मुठीत धरून दोनदा जोर लावून ओढून बघितला आणि ती त्याच्या पाठीवर चढवायला उठून उभी राहिली. "ही घे. ही येईल सगळं बघून."