नमुना पुन्हा मागवताना

पोटॅशियम सात पॉइंट दोन आलं होतं आणि शेजारी मशीनने हिमोलिसिसची खूण केली होती. मी ट्यूब उचलून उजेडात धरली. वरचं पाणी पिवळसर दिसायला हवं, ते लाल होतं. तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. लॅबमध्ये मोबाइल काढायचा नसतो. मी काढला. वाशीमहून धाकट्या भावाचा, नितीनचा मेसेज होता. "अप्पा डोळे उघडतात. बोलत नाहीत. तू येऊ नको. इंटरव्ह्यू दे."

मी सिडनीत वेस्टमीडला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सायंटिस्ट आहे. वॉर्डातून आलेलं रक्त मशीनवर लावायचं, आलेला आकडा पटतो का बघायचं आणि पटला तर आपल्या नावाने पुढे सोडायचा, हे माझं काम. या शेवटच्या पायरीला आम्ही 'व्हॅलिडेट करणं' म्हणतो. त्यानंतर डॉक्टर त्या आकड्यावर उपचार ठरवतात. रक्त काढताना गडबड झाली की पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. हेच हिमोलिसिस. मशीन तरीही आकडा देतंच, पण तो पेशंटचा नसतो. असा आकडा सोडायचा नाही. वॉर्डला फोन करून 'रिकलेक्ट' मागायचं, म्हणजे ताजं रक्त.

मी फोन लावला. नर्स वैतागली.

"पुन्हा? त्या बाईंची शीर सापडत नाही, तुला कल्पना आहे का?"

"सॉरी. पण हे मला सोडता येणार नाही."

"No worries," ती म्हणाली. त्या आवाजात ते म्हणतात तेव्हा वरीज असतात.

फोन ठेवला आणि मी खुर्चीवर तशीच बसून राहिले. सुपरवायझर हेलन मागे उभी होती. इथे बॉसलाही नावानेच हाक मारतात. मला त्याची सवय व्हायला दोन वर्षं लागली.

"टी रूममध्ये चल," ती म्हणाली.

तिला इंटरव्ह्यूचं माहीत होतं, कारण माझं शिफारसपत्र तिनेच दिलं होतं. इथे एक डिग्री झाल्यावरही मेडिकलला अर्ज करता येतो. प्रवेशपरीक्षा द्यायची, मार्क पुरेसे असले तर इंटरव्ह्यू येतो, आणि तोही एकाच युनिव्हर्सिटीचा. नाही म्हटलं की त्या वर्षीचा विषय संपला. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. अप्पा वीज मंडळात लाइनमन होते, आई चौथी शिकलेली. डॉक्टर व्हायचं हे मी शाळेत ठरवलं होतं. मार्क थोडे कमी पडले म्हणून बी.एस्सी. केलं, मग इथे मास्टर्स. प्रवेशपरीक्षा तिसऱ्या खेपेला नीट गेली आणि पहिल्यांदाच इंटरव्ह्यू आला. पुढच्या शनिवारी, दुसऱ्या राज्यात. मेल आल्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांना पॅरालिसिसचा झटका आला.

"तू ठरवलंयस काय?" हेलनने विचारलं.

"इंटरव्ह्यू देणार. मग घरी जाणार."

"आत्ता तू कप उलटा धरलायस."

खरंच धरला होता.

मी तिला सांगितलं, आमच्याकडे परीक्षा म्हणजे परीक्षा. माझ्या दहावीला वर्गातल्या एका मुलीचे वडील पेपरच्या दिवशी पहाटे गेले. ती रडत रडत पेपर देऊन आली आणि मग अंत्यविधी झाले. वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी आली. आमच्या सरांनी ते कात्रण पुढच्या बॅचसाठी वर्षभर फळ्याशेजारी लावून ठेवलं होतं. जिद्द म्हणजे काय, तर हे.

हेलनने शांतपणे ऐकलं. "मग? पास झाली ती?"

"नाही. त्याच पेपरात नापास झाली. गणितात."

"तेही छापून आलं?"

"नाही."

इतक्या वर्षांत त्या मुलीच्या निकालाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

"युनिव्हर्सिटीला विचारलंस?"

"काय विचारू?"

"तारीख बदलून मिळेल का ते. दिवसभर तू वॉर्डांना फोन करून ताजं रक्त मागतेस, love. त्यांची बोलणी खातेस. स्वतःसाठी एक फोन करायला काय झालं?"

काय झालं, ते तिला सांगणं अवघड होतं. साहेबांना विचारायचं नसतं, हे आमच्या अंगात मुरलेलं असतं. जे मिळालं त्यात आभार मानायचे. विचारलं आणि त्यांनी तेही काढून घेतलं तर? अशी शक्यता नाही, हे कळत होतं. तरी दोनदा नंबर दाबून खोडला, मग फोन लावला.

पलीकडच्या बाईने सगळं नीट ऐकून घेतलं. अप्पांबद्दल वाईट वाटलं, म्हणाली, आणि ते खोटं वाटलं नाही. मग तिने सांगितलं, तारीख बदलता येणार नाही. सगळे इंटरव्ह्यू त्याच दिवशी आहेत.

"ठीक आहे. मी येते मग," मी घाईने म्हणाले.

"एक मिनिट. आमच्याकडे 'फिट टू सिट' नावाचा नियम आहे. त्या दिवशी आत जाण्याआधी तू सही करशील की मी तब्येतीने आणि मनाने इंटरव्ह्यूला बसण्याच्या स्थितीत आहे. एकदा सही केली की नंतर वडिलांचं कारण सांगता येत नाही. मिळालेले मार्क तुझेच धरतात. त्याऐवजी आधी लेखी माघार घेतलीस, तर तुझ्याविरुद्ध काही राहत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. मात्र पुन्हा बोलावणं येईलच, असं मी सांगू शकत नाही."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"ते मला सांगता येत नाही. शुक्रवारपर्यंत कळव."

मी परत मशीनपाशी आले. वॉर्डातल्या त्या बाईंचं ताजं रक्त आलं होतं. पोटॅशियम चार पॉइंट एक. अगदी नॉर्मल. आधीचा आकडा सोडला असता तर तो उतरवण्याची औषधं सुरू झाली असती. मी व्हॅलिडेट केलं. खाली माझं नाव उमटलं. ते मी जरा जास्त वेळ बघत राहिले.

'मी फिट आहे' या वाक्याखाली ते नाव मला टाकता येत नव्हतं. कप उलटा धरणाऱ्या बाईला इंटरव्ह्यूच्या पॅनलने काहीतरी मार्क दिलेच असते, पण ते माझे नसते.

शिफ्ट संपल्यावर मी माघारीची मेल पाठवली आणि तिकीट काढलं.

घरी पोचले तेव्हा नितीन दारातच होता. "पंधरा वर्षं डॉक्टर होणार, डॉक्टर होणार म्हणून कान किटवलेस. दार उघडलं तर पाठ फिरवून आलीस?"

"हळू बोल," आई म्हणाली. "त्यांना ऐकू येतं."

"येऊ दे ना! अप्पा, ताईने इंटरव्ह्यू सोडला. तुमच्यासाठी. आता बोला."

अप्पा बोलू शकत नव्हते. उजवी बाजू गेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग डाव्या हाताने गादीवर दोनदा थापटलं. लहानपणी जवळ बसायला सांगताना ते असंच थापटायचे. मी बसले. नितीन बाहेर निघून गेला. थोड्या वेळाने तोच तिघांसाठी चहा घेऊन आला. अप्पांचा त्याने बशीत निववला आणि चमच्याने पाजला.

रजा होती तेवढे दिवस मी अप्पांना मऊ भात भरवला, कूस बदलवली, हाताला व्यायाम दिला. त्या दिवाळीआधी ते गेले. तेव्हा मी पोचू शकले नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. कट-ऑफ वर गेला होता. इंटरव्ह्यू आला नाही. यंदा पुन्हा अर्ज भरलाय. हेलनने पुन्हा शिफारसपत्र दिलंय. नितीन फोनवर एवढंच विचारतो, "आलं का काही?"

लोक मला विचारतात, चुकलं असं वाटतं का? मी कामातलंच सांगते. आम्ही मागवलेला प्रत्येक नमुना परत येतो असं नाही. कधी पेशंट घरी गेलेला असतो, कधी तो राहिलेलाच नसतो. तेव्हा 'नमुना मिळाला नाही' असं लिहून ती नोंद बंद करावी लागते. माझ्या त्या वर्षाचं तेच झालं. वाईट वाटतं. पण आधीच्या लाल नमुन्याचा आकडा सोडायला हवा होता, असं लॅबमध्ये कुणी म्हणत नाही.