समोरच्या काकांनी दिलेलं सोनं

इंग्लंडमधल्या अख्ख्या रीडिंग शहरात हिवाळ्याला कधी बेसावध सापडला नाही असा एकच माणूस होता, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझ्या घरासमोर राहायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे नागपूरचे, तिथल्या उन्हात वाढलेला माणूस थंडीला इतका ओळखून कसा, हे मला कधीच कळलं नाही. दसऱ्याला लोक शस्त्रं पुजतात. काका टायरमधली हवा मोजायचे, बॅटरी तपासायचे, रेडिएटरमध्ये पाणी गोठू नये म्हणून अँटीफ्रीझ ओतायचे आणि उरलेल्या बाटलीला हळदकुंकू लावायचे. डिकीत फावडं, घोंगडी, वाळूची पिशवी आणि चिवड्याचा डबा. चिवडा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "गाडीचं तर झालं जी, अडकलेल्या माणसाचं काय?"

आपट्याची पानं तिथे कुठून मिळणार? म्हणून सोनं म्हणून ते दर दसऱ्याला मला काचेवरचा बर्फ खरवडायचा प्लॅस्टिकचा स्क्रेपर द्यायचे. मी हसून घ्यायचो आणि ड्रॉवरमध्ये टाकायचो, कारण वापरला असता तर ते जिंकले असते. रोज रात्री ते गाडीच्या काचेवर सोलापुरी चादर घालायचे, आणि रोज सकाळी ती लख्ख काच बघून माझी बायको म्हणायची, "काकांकडून शीक जरा." माझा जळफळाट व्हायचा, कबूल करतो.

एका जानेवारीत सगळं गोठलं. बायको डॉक्टर, नव्या हॉस्पिटलमधला तिचा पहिला दिवस, आठला वॉर्डवर हजर व्हायचं होतं. म्हटलं, आज दाखवतोच. किटलीभर उकळतं पाणी काचेवर ओतलं आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत कडकन तडकली. काकांनी समोरून सगळं पाहिलं. आपल्या गाडीवरची चादर ओढली, माझ्या बायकोला आत बसवलं आणि निघाले. ती वेळेवर पोचली, पण त्याचा आनंद व्हायला मला संध्याकाळ लागली. पुढच्या दसऱ्याला त्यांनी दोन स्क्रेपर दिले. "एक किटलीपाशी ठेवा जी."

निवृत्त होऊन काका नागपूरला परतले. जाताना चादर मला देऊन गेले. आता मी दसऱ्याला स्क्रेपरला हळदकुंकू लावतो, आणि बायको कौतुकही करते. पण समोरून बघायला काका नाहीत, त्यामुळे ते कौतुक गोड लागत नाही. परवा फोनवर सांगत होते, होळीच्या आधीच कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवल्या, शेजाऱ्यांकडेही नेऊन दिल्या. शेजारी हसले म्हणे. त्या शेजाऱ्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत, पण मला त्यांचा भयंकर हेवा वाटतो.