वरून चिकटवलेली जात

कागदी कपातल्या चहाला मेणाचा वास येतो आणि त्या वासासरशी मला अकोल्याच्या जुन्या शहरातलं, गुरांच्या ढेपेच्या दुकानावरचं आमचं ऑफिस आठवतं. भाजीच्या एका अडत्यासाठी आम्ही पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सॉफ्टवेअर करत होतो. त्यात प्रत्येक शेतकऱ्याचा एक ऑब्जेक्ट होता, म्हणजे क्लास नावाच्या ठरलेल्या साच्यातून काढलेली नोंद; तिच्यात नाव, गाव आणि माल, एवढंच. एका दुपारी अडत्या जिना चढून आला आणि पंख्याखाली बसून म्हणाला, "मानूस कोन्या जातीचा हाये ते मले दिसलं पायजे, त्याले नाही." मी विचारलं, कशाला. "चहा कशात द्यायचा ते नोकराले समजते," तो अगदी सहज बोलला. आमच्या सिनिअरला मात्र त्यात फक्त काम दिसलं. "क्लासले हात लावू नको," तो मला म्हणाला, "तयार ऑब्जेक्टलेच वरून चिकटवून दे, पायथनमंदी चालते." मी नाही म्हटलं, तेव्हा त्याने कीबोर्ड ओढून घेतला आणि स्वतःच चिकटवलं. नमुन्याला त्याने ऑफिसातल्याच आम्हा लोकांची नावं घातली आणि एकेक ऑब्जेक्ट उघडून अडत्याला दाखवला. शेवटी माझा उघडला. माझी जात त्यात बरोबर लिहिलेली होती आणि मी ती तिथे कधीच कोणाला सांगितली नव्हती. टेबलावर बाकीच्यांचे काचेचे ग्लास होते, माझ्यापुढे रोजच्यासारखा कागदी कप होता. ग्लास कमी पडत असतील, असंच मी वर्षभर समजत होतो. आजही कुठे चहा आला की मी आधी इतरांच्या हातात काय आहे ते बघतो.