ओनेलियाची तिसरी सिगार

ओनेलियाच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली, तेव्हा तिने ती गोष्ट घरातसुद्धा कुणाला सांगितली नाही. पिनार देल रिओ गावातल्या कारखान्यात ती बावीस वर्षं सिगार वळत होती आणि वळणारीची बोटं गेली की ती माणसातून उठते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खालच्या मजल्यावर तंबाखूच्या पानांच्या शिरा काढायचं एक दालन होतं, दमट आणि अंधारं. वळायच्या बाकावरून उतरवलेल्या बायका तिथे जात. वरच्यांना मग त्यांचं नावही आठवत नसे. डॉक्टरने नस दबल्याचं सांगितलं आणि हाताला आराम द्या म्हणाला. म्हणायला त्याचं काय जातंय!

यातून वाचायची एकच वाट होती. कारखान्यात पाच पारखी होते. प्रत्येक वळणाऱ्याच्या जुडीतून उचललेली एखादी सिगार ते रोज सकाळी ओढायचे आणि वळणाऱ्याचा निकाल लावायचे. त्यांतली एक खुर्ची रिकामी होणार होती. ओनेलियाने धीर करून नाव दिलं. अर्जावर ‘सिगार ओढता का’ असा प्रश्न होता. मुकादमाने तिला विचारलंही नाही, आपणच ‘रोज’ लिहून टाकलं. त्याची तरी काय चूक? बावीस वर्षं तिच्या ओठांत सिगार दिसत होती. ती पेटलेली नसायची, एवढंच. सिगार विझतच असते, त्यामुळे कुणी कधी नीट पाहिलं नव्हतं. लाखो सिगारी वळलेल्या या बाईने जन्मात एकही ओढली नव्हती. वासानेच तिला मळमळायचं, आणि वळणारीने तसं कबूल करणं म्हणजे आचाऱ्याने मला जेवण आवडत नाही म्हणण्यासारखं. म्हणून तिने सोंग घेतलं होतं. ते आता चांगलंच अंगाशी आलं.

त्या खुर्चीसाठीच्या परीक्षेला तीन आठवडे होते. ती शेजारच्या दोमितिला मावशीकडे गेली. मावशी ऐंशीची, तीही जुनी वळणारी. जेवण झालं की ओसरीत झुलत्या खुर्चीवर सिगार ओढत बसायची. ओनेलियाने दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला.

“बावीस वर्षं आम्हाला बनवलंस गं, भवाने,” ती म्हणाली. “जेवून आलीयस ना? उपाशीपोटी पहिली सिगार ओढलीस तर चक्कर येऊन पडशील.”

ओनेलिया भात आणि काळ्या घेवड्याची उसळ खाऊन आली होती. मावशीने शिकवायला घेतलं. टोकावर चिकटवलेली पानाची टोपी तेवढीच कापायची, त्याखाली पातं गेलं तर वरचं पान सुटतं. ज्योत सिगारीला लावायची नाही, खाली धरायची आणि सिगार फिरवत राहायची, म्हणजे ती चहूकडून सारखी पेटते. धूर तोंडात घ्यायचा, गालात धरायचा, सोडून द्यायचा. छातीत न्यायचा नाही. एक झुरका घेतला की मिनिटभर थांबायचं. हे सगळं ओनेलियाला ऐकून पाठ होतं. तरी पहिलाच झुरका तिने घाबरून सरळ गिळला.

मागच्या केळीच्या बुंध्याशी ती बराच वेळ ओकत होती. मावशीने तिच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवली आणि पाठ चोळली.

“मला नाही जमणार, मावशी.”

“नाही जमलं तर खाली जा शिरा काढायला. उद्या याच वेळी ये.”

ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. पहिला आठवडा तिला मळमळीशिवाय काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी धूर गालात असताना तिला एकाएकी ओल्या मातीचा वास लागला, मग भाजल्या दाण्यांचा. सिगार निम्म्यावर आली की चव दाट होते आणि शेवटी शेवटी कडू, हेही समजलं. एवढा जन्म ज्या पानांत गेला त्यांच्या आत हे असं होतं, आणि आपण नाक मुरडत बसलो, याचं तिला मनापासून वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणंही भीतीखाली दबून जाई. त्या दिवसांत बाकावर तिच्या हातातून पानं कापायचं पातं दोनदा निसटलं. आत भरायच्या पानांची गुंडाळी कुठे जाड होतेय, कुठे पातळ, हे बोटांना सांगता येईना.

पारखींची खोली लहान होती. मधे टेबल आणि बिनसाखरेच्या कोमट चहाचा पेला, झुरक्यांमध्ये तोंड धुवायला. समोर एवेलिओ मास्तर. चौतीस वर्षं तो पारख्याच्या खुर्चीवर होता आणि जिन्यात समोर आला तर बायका भिंतीला लागून उभ्या राहत. परीक्षा तीन सकाळींची. रोज एक सिगार, वर पट्टी नाही, नाव नाही. कार्डावर ओढ, म्हणजे धूर किती सहज येतो ते, मग जळणं, चव, जोर असे रकाने आणि तळाशी एक ओळ: वळणाऱ्याला बाकावर ठेवावं की काढावं.

पहिल्या दिवशी तिच्या हातातच दोन काड्या विझल्या. मास्तर शांतपणे बघत होता. ती सिगार चांगली होती, तिने तसं लिहिलं. दुसरी एका बाजूने भराभर जळत होती, तेही लिहिलं. जाताना तो एवढंच म्हणाला, की सिगार ताप बघायच्या नळीसारखी धरू नये. हा समजून चुकला, अशी धास्ती घेऊन ती घरी गेली.

तिसरी सिगार तिने उचलली आणि तिचं टोक दोनदा पाहिलं. टोकावर टोपी बसवताना अंगठ्याने उलटी दाबायची सवय साऱ्या कारखान्यात एकीलाच होती, तिला स्वतःला. तिने सिगार पेटवली, झुरका घेतला. धूर आला नाही. गाल दुखेपर्यंत ओढलं तेव्हा गरम, कडवट धागा आला. मधोमध गाठ होती.

खोटं लिहायला हात शिवशिवत होता. ‘ओढ ठीक’, दोन शब्द. पण पलीकडे बसलेल्या माणसाने याच जुडीतली दुसरी ओढली असेल तर? आणि नसली तरी? तिने चहा तोंडात घोळवला. मग लिहिलं: ओढ बंद. दोष पानाचा नाही, बोटांचा. बाकावरून काढावं.

मास्तरने कार्ड वाचलं. मग ते टेबलावर उलटं ठेवलं.

“हात ओळखलास?”

“माझाच आहे, मास्तर. आणि तीन आठवड्यांमागे मी सिगार ओढतही नव्हते. अर्ज खोटा आहे.”

“ते तुझ्या काडी धरण्यावरून कळलं. त्याचं काही नाही.” त्याने चष्मा काढला. “तुझ्या सिगारीतली गाठ मला मार्चपासून लागतेय. दोनदा मी ‘ठीक’ लिहिलं. का लिहिलं ते विचारू नकोस. पण ज्याला असं लिहावंसं वाटलं त्याने या खुर्चीवर बसू नये. रिकामी होतेय ती माझीच.”

त्याच दुपारी मुकादम तिचं पातं न्यायला आला. तिने आपल्याच सिगारीवर ‘काढावं’ लिहिलं, हे संध्याकाळपर्यंत साऱ्या बाकांना कळलं. सोमवारपासून मास्तरची खुर्ची तिची, हेही कळलं.

सोमवारी ती बाकांच्या मधल्या वाटेने पारखींच्या खोलीकडे निघाली. कुणीतरी हाक मारेल, टोमणा तरी मारेल, असं तिला वाटत होतं. पण ती जवळ आली की एकेक मान खाली जात होती. बावीस वर्षं एका डब्यात जेवलेल्या बायका त्या. जिने स्वतःला सोडलं नाही ती आपल्याला काय सोडणार, हे त्यांच्या मनात होतं आणि ओनेलियाला ते स्वच्छ दिसत होतं. तिने खोलीचं दार लावून घेतलं. टेबलावर पहिली सिगार ठेवलेली होती. ती कुणाची, हे ओळखू येऊ नये म्हणून तिने डोळे मिटून ती उचलली.