मुन्नाचा ताप

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय, फरीदाबादच्या एका पेंट फॅक्टरीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. आमच्या घराच्या दाराला कधी लिंबू-मिरचीसुद्धा लागली नाही. इथे लोक अनुभव लिहितात ते मी आवडीने वाचते, आणि मनात म्हणते — झोप झाली नसेल, नाहीतर वायरिंग खराब असेल. त्यामुळे मी लिहितेय ते वाचून तुम्हीही असंच काही म्हणालात तर मला राग येणार नाही. मी स्वतः कितीदा म्हणून पाहिलंय.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. बाबा सेंट्रल गव्हर्नमेंटमधून रिटायर झाले होते आणि आम्ही सगळे मयूर विहारच्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहत होतो — बाबा, माझा मोठा भाऊ नंदूदादा, शैलावहिनी आणि मी. दादा शिल्पकार. आधी पुढाऱ्यांचे अर्धपुतळे आणि कपड्यांच्या शोरूममधले पुतळे करायचा. मग केबल आलं, चॅनल वाढले, आणि अचानक सगळ्यांना राक्षस हवे झाले! सिरियलला राक्षस, सिनेमाला राक्षस, नव्या वॉटर पार्कच्या गेटवर राक्षस. दादा म्हणायचा, "देश खुला झाला आणि आधी हेच आत शिरले."

त्याचं वर्कशॉप फरीदाबादला होतं. भसीनजी नावाचे एक गृहस्थ फायबरग्लासच्या कूलर बॉडी बनवायचे, त्यांच्या शेडचा मागचा अर्धा भाग त्यांनी दादाला दिला होता. माझी फॅक्टरी जवळच, म्हणून सुट्टी झाली की मी तिथे जाऊन रेझिन, म्हणजे साच्यात ओतायचं पातळ प्लास्टिक, कालवून द्यायचे. दादाला माप जमायचं नाही. अंदाजे हार्डनर ओतायचा आणि अख्खी बादली धूर सोडायला लागायची.

त्या हिवाळ्यात एका सिनेमाची ऑर्डर आली. दगडाच्या खाणीत राहणारा एक राक्षस. रेड्यासारखी शिंगं, रुंद नाकपुड्या, कपाळावर जाड घड्या. दादाने काय केलं, तर स्वतःच्याच चेहऱ्याचा प्लास्टरमध्ये छाप घेतला आणि त्यावर माती चढवून राक्षस घडवला. मॉडेलला कोण पैसे देणार, म्हणाला. वहिनीने तो पाहिला आणि म्हणाली, "शिंगं सोडली तर सकाळी चहा मिळेपर्यंत हे असेच दिसतात." भसीनजींनी त्याचं नाव ठेवलं मुन्ना.

मातीच्या डोक्यावरून रबराचा साचा काढला. त्यातून दोन डोकी ओतायची होती — एक क्लोजअपसाठी, एक शेवटच्या सीनमध्ये जाळायला. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते आपोआप तापतं. हात लावू नये इतकं. मग घट्ट होतं आणि थंड पडतं. एकदा थंड पडलं की संपलं. कपबशीसारखी निर्जीव वस्तू. ती परत तापत नाही... तापायला आत काही उरलेलंच नसतं.

दोन्ही डोकी एकाच ड्रममधल्या रेझिनची, माझ्या हाताने कालवलेली. रविवारी साच्यातून काढली, दोन्ही छान निघाली. त्याच संध्याकाळी दादाला थंडी वाजून ताप भरला.

आधी वाटलं, व्हायरल असेल. पण ताप उतरेना, तेव्हा हॉस्पिटलमध्ये नेलं. मलेरिया नाही, टायफॉइड नाही. बर्फ ठेवला, सलाइन लावलं, इंजेक्शनं झाली. दादा डोळे मिटून पडलेला, हाक मारली तरी ओ नाही. वहिनी मराठी शाळेत शिकवायची, तिने रजा टाकली आणि ती आणि बाबा आळीपाळीने त्याच्याजवळ बसायला लागले.

ऑर्डर तर द्यायची होती. म्हणून डोक्यांना घासून प्रायमर मारायला मी वर्कशॉपवर गेले. पहिलं डोकं उचललं — गारठलेलं, त्या थंडीत असायला हवं तसं. दुसरं उचललं आणि हातातून सुटणारच होतं.

ते गरम होतं.

रेझिन तापतं तसं नाही. अंगात ताप असलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावला की लागतं तसं.

मी आधी ऊन शोधलं. शेडमध्ये ऊन येतच नव्हतं. जवळ हीटर? नाही. मग वाटलं, आत कुठेतरी रेझिन कच्चं राहिलंय. नखाने टोकून पाहिलं, टणटण वाजलं. आणि कच्चं राहिलं असतं तरी इतके दिवस गरम? शक्यच नाही हो. भसीनजींना बोलावलं. त्यांनी हात लावला, काढला, परत लावला.

"बेटा, इसको तो बुखार है," ते हसत म्हणाले. मग हसायचे थांबले.

मी लॅबमधून थर्मामीटर आणला आणि मुन्नाच्या गळ्याच्या पोकळीत धरून ठेवला. पारा चढला तो चाळीसवर थांबला. मग कोपऱ्यावरच्या पीसीओवरून हॉस्पिटलमध्ये फोन लावला. वहिनीला बोलवायला वेळ लागला.

"कसा आहे गं?"

"तसेच आहेत. एकशे चारच्या खाली येतच नाही."

चाळीस म्हणजे फॅरनहाइटमध्ये किती, हे मला पाठ आहे. एकशे चार. मी रिसीव्हर धरून तशीच उभी राहिले. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, हो गया क्या?"

  दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपवर पोचले तर टेबलावर एकच डोकं. मी हात लावला. गार.

"दूसरा कहाँ है?"

"प्रोडक्शनवाले आए थे," भसीनजी म्हणाले. "आज जलाने का सीन है. मैं बाहर था, वो उठा के ले गए."

त्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही. भसीनजी सांगतात की मी फक्त "गाडी निकालिए" एवढंच म्हणत होते. त्यांनी मारुती व्हॅन काढली. सूरजकुंडकडच्या बंद पडलेल्या दगडखाणीत शूटिंग होतं. सगळा रस्ता मी स्वतःला समजावत होते, मेधा, तू केमिस्ट आहेस, लोक हसतील...

खाणीच्या तळाशी दगडांचा ढीग रचून त्यावर मुन्नाला ठेवला होता. गळ्यात पेट्रोलचे बोळे कोंबलेले. एकजण मशाल घेऊन उभा. मी सरळ कॅमेऱ्यासमोरून पळत गेले आणि डोकं छातीशी धरलं. डायरेक्टर ओरडायला लागला. मी त्याच्याहून मोठ्याने ओरडले, "इसमें ग़लत केमिकल पड़ गया है! ज़हरीली गैस निकलेगी, सब मरोगे!"

धडधडीत खोटं! पण लॅबचं आयकार्ड गळ्यात होतं. सगळं युनिट मागे सरकलं. दुसरं डोकं लगेच पाठवते असं कबूल केलं, तेव्हा कुठे त्यांनी सोडलं. बोळे काढता काढता दिसलं, मुन्नाचा डावा कान काळा पडलेला. मशालवाला म्हणाला, "थोड़ा टेस्ट किया था, मैडम. पकड़ता है कि नहीं."

तिथून आम्ही थेट हॉस्पिटलला. डोकं माझ्या मांडीवर, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. ऊब साडीतून लागत होती. वहिनी बाहेरच भेटली, थर्मासमध्ये चहा घ्यायला निघाली होती.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "अगं, मघाशी यांच्या कानावर एवढा मोठा फोड आला! नर्स म्हणते बर्फाने भाजलं असेल. पण बर्फ तर कपाळावर होता..."

"कुठला कान?"

"डावा. का गं?"

 मी तिला व्हॅनपाशी नेलं, टॉवेल उघडला आणि जे होतं ते सगळं सांगितलं. वाटलं, ही आता माझ्यावर ओरडेल, नाहीतर रडेल. वहिनीने मुन्नाच्या कपाळावर हात ठेवला. मग हाताची मागची बाजू गालाला लावून पाहिली, लहान मुलाला बघतात तशी. जळका कान बघितला.

"बाबा आहेत वर," ती म्हणाली. "तू घरी चल माझ्याबरोबर."

भसीनजींनी आम्हाला मयूर विहारला सोडलं आणि वर्कशॉपमधलं ते गार डोकं शूटिंगवर पोचवायला ते परत गेले. वहिनीने दादाच्या पलंगावर मेणकापड घातलं, उशी ठेवली आणि त्या शिंगवाल्या डोक्याला उशीवर निजवलं. पातेल्यात पाणी घेतलं, मीठ टाकलं, जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या. आणि एक पट्टी पिळून राक्षसाच्या कपाळावर ठेवली.

मी दारात उभी. ते दृश्य वेडगळ होतं, आणि मला हसू येत नव्हतं. पट्टी पहिल्यांदा उचलली तेव्हा ती इस्त्रीच्या कपड्यासारखी गरम झालेली. वहिनी बदलत राहिली. तोंडाने हळू आवाजात काहीतरी चाललेलं, स्तोत्र नव्हे — "झालं हं, आता उतरेल, झालं..." कानावर तिने खोबरेल लावलं. मी पाणी बदलून आणत होते. पट्ट्या आधी गरम निघायच्या, मग कोमट, मग नुसत्या ओल्या.

दिवेलागणीच्या सुमाराला फोन वाजला. मी उचलला. बाबा होते.

"मेधा, ताप उतरला गं! घाम फुटला आणि उतरला. डोळे उघडले त्याने. बोललासुद्धा."

"काय बोलला?"

"काहीतरी असंबद्धच. म्हणाला, शैलाला सांगा, पाणी कानात जातंय. मी म्हटलं, अरे, शैला इथे नाहीये, ती घरी गेलीय. तर म्हणे, हो, पण तिला सांगा."

मी रिसीव्हर हातात धरूनच वळले आणि वहिनीला सांगितलं. तिचा हात थांबला. खरंच, पट्टीतलं पाणी शिंगाच्या बाजूने ओघळून त्या जळक्या कानात साचलेलं होतं. वहिनीने पदराचं टोक घेतलं आणि हलक्या हाताने तो कान कोरडा केला.

सकाळपर्यंत मुन्ना गार पडला होता. दादा आठवड्याभरात घरी आला. त्याला यातलं काहीच आठवत नाही. कानावरचा डाग राहिला, दाढी करताना आरशात दिसला की चोळतो. त्याने मुन्नाचं डोकं एकदा हातात घेऊन पाहिलं, खाली ठेवलं, आणि पुढे स्वतःच्या चेहऱ्यावरून कधी काही घडवलं नाही. साचाही त्यानेच कापून टाकला.

मी त्या ड्रममधलं उरलेलं रेझिन लॅबमध्ये तपासलं. एकदम ठीक होतं. नंतर जाणकारांना, अर्थात गोल गोल करून, विचारलंही. घट्ट झालेलं रेझिन इतके दिवस गरम राहू शकतं का? सगळ्यांचं उत्तर एकच, नाही. समजा राहिलं, तरी दादाच्या त्या वाक्याचं मी काय करू?   तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही.

मागे एकदा मी वहिनीला विचारलं होतं, की तू एका रेझिनच्या डोक्याला पट्ट्या ठेवायला बसलीस, तुला वेडेपणा वाटला नाही? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हाताला ताप लागला गं. म्हटलं, आधी उतरवू. कोणाचा ते मग बघू."